तीन वर्षांच्या बोलीवर दिलेला धूर

आक्का, टाकीला गॅस आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही समोर असता तर पहिला प्रश्न हाच आला असता. मी कशावर आले, चहा घेतला का, घरी सगळे बरे आहेत का, हे त्यानंतर. तुमच्या दहाव्याचे विधी उरकून आम्ही वस्तीवर परतलो तेव्हा टाकीचं झाकण चांगलं वर आलेलं होतं आणि आलेल्या सगळ्यांचा चहा त्याच गॅसवर झाला. भाताची पातेली मात्र चुलीवर चढवावी लागली. तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी तेवढ्यातही मला ऐकवलंच, "बाई, तुमच्या सरकारी गॅसवर च्या हुतोय, जेवान न्हाय." म्हणजे वस्तीवर सगळं जागच्या जागी आहे.

मी रडले नाही. तुमच्या सुना रडल्या, लेक रडली, ते त्यांनी करायचंच होतं. तुम्ही स्वतः कुणाच्या मयताला गेलात की आधी पिंपात पाणी आहे का ते बघायचात. मीही तेच केलं. पाणी कमी होतं. टँकर मागवला.

हे तालुक्याच्या साप्ताहिकात छापायला देणार आहे. तेव्हा ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी चार वाक्यं लिहिते; तुम्ही तेवढा वेळ गप्प बसा. यमुनाआक्का डाळजजवळच्या वस्तीवरच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरची माणसं मेंढरांचा कळप घेऊन वर्षातले बरेच महिने मुलूखभर फिरत असत. पुढे धरणाचं पाणी आलं, ऊस आला, माणसं एका जागी बसली. थोडी मेंढरं राहिली, म्हशी वाढल्या. आक्का महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहते आणि इंदापूरला पंचायत समितीत ऊर्जा योजनेची पर्यवेक्षिका आहे. गोबरगॅसच्या टाक्या बांधून घ्यायच्या, निर्धूर चुली बसवायच्या आणि किती झालं ते वर कळवायचं, हे माझं काम. झालं. आता बोला.

तुमच्या वस्तीची टाकी सगळ्यांची मिळून एक होती. सगळ्या घरांचं शेण एकत्र, आणि त्यावर मोठ्या शेगड्यांचा एक सामाईक ओटा. मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं की असल्या सामाईक टाक्या चालत नाहीत, बायका शेणावरून भांडतात. तुम्ही म्हणालात, "भांडत्यात म्हून तर रोज येत्यात. ज्याचं त्याला बांधून दिलं तर कोण कुनाचं तोंड बगंल?" टाकी झाली. बायका शेणावरून भांडल्या. आणि रोज आल्या.

तुमची काळजी वेगळीच होती. टाकी बांधताना साहेब येतो, फोटो काढतो, नारळ फोडतो. वर्षभरात शेगडीची तोटी जाते किंवा नळी फाटते, आणि साधी तोटी आणायला बारामती गाठावी लागते. वस्तीवर येऊन ती बसवणारा माणूस तर तिथेही मिळत नाही. मग टाकी मरते. अशी एक मेलेली टाकी मी तुम्हाला बारामतीच्या बाजूला दाखवली होती, आठवतं? शेगडीच्या खाली कोंबडीनं घर केलं होतं. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "चला, अंडी तरी हायेत." परत येताना मोपेडवर माझ्या मागे बसून तुम्ही भिगवणपर्यंत आलात. उतरल्यावर म्हणालात, "आमची टाकी मरू द्यायची न्हाय. त्येला काय लागंल ते सांगा."

मी म्हटलं, दुरुस्ती शिकलेलं माणूस वस्तीवरच हवं आणि सुटे भाग जवळ हवेत. त्यासाठी योजनेत तरतूद नाही. बांधायला आहे, टिकवायला नाही.

"मग तरतूद करनारा कोन हाय त्येला गाठू," तुम्ही म्हणालात.

तो दिल्लीत आहे, आणि दिल्लीच्याही पलीकडे आहे, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "यील की कवातरी हितं."

आणि तो आलाच, हे मात्र कमाल आहे.

पृथ्वी तापते आहे, धूर कमी करायला हवा, यावर सगळ्या देशांच्या मोठमोठ्या परिषदा चालल्या होत्या तो काळ. त्यातून एक कल्पना निघाली होती. श्रीमंत देशानं गरीब देशात पैसे घालायचे, तिथला धूर कमी करायचा, आणि तो कमी झालेला धूर आपण कमी केला असं श्रीमंत देशानं म्हणायचं. सध्या नुसता प्रयोग होता. श्रेय खरोखर कुणाच्या खात्यावर लिहायचं, हे ठरायचं बाकी होतं. त्या प्रयोगासाठी जागा बघायला काही पाहुणे आपल्या तालुक्यात येणार, असं पंचायत समितीतल्या आमच्या साहेबांनी सांगितलं. सामाईक टाकी त्यांना विशेष बघायची होती. पसंत पडली तर पैसे येणार होते, आणि त्यात दुरुस्तीचे पैसे घालून घेता आले असते. मी हे तुम्हाला सांगितलं. माझी चूक एवढीच की सांगून मी निघून गेले.

मी पुन्हा आले ती पाहुण्यांबरोबरच. टाकीचं लोखंडी झाकण एवढं वर आलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. गॅस जितका जास्त तितकं झाकण वर, हे साहेबांनाही माहीत होतं. ते खूश झाले. झाकणाला झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं. बायका नवी लुगडी नेसून उभ्या होत्या. पाहुण्यांत एक उंच, पांढऱ्या केसांच्या हेल्गाबाई होत्या, शिकून इंजिनिअर झालेल्या, आणि त्यांच्याबरोबर दिल्लीचे एक अधिकारी. दुभाषी मीच. हेल्गाबाई झाकणाकडे बघून म्हणाल्या, एवढ्या शेणात एवढा गॅस होतो? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दुसरीकडे बघत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुम्ही शेगडीची तोटी सोडली, काडी ओढली, शेगडीजवळ नेली. काडी विझली. दुसरी ओढली. तीही विझली. तिसरी तर शेगडीपर्यंत पोचायच्या आधीच गेली. गॅस येत होता, आवाज येत होता, फक्त पेटत नव्हता. उलट आग खात होता.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सांगा, नळीत पाणी साचलंय."

तेवढं मराठी दिल्लीच्या अधिकाऱ्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. नळीत पाणी साचतं, ते खरं आहे. मी तोंड उघडलं. त्याआधी तुम्ही बोललात.

"पानी बिनी कायबी न्हाय. काकवी घातलीया."

"काय घातलंय?"

"काकवी वो, बाई. आमच्या भावाच्या गुऱ्हाळातनं आनली. म्हस व्याली की तिला गूळपानी देत्यात न्हवं, दूध वाढाया? मनलं, पावनं येनार, टाकीला जरा ताकद ईल. तर बगा की किती वर आली."

साहेबांनी डोळे मिटले. मी काय करणार, जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. म्हैस, वेत, गूळपाणी, सगळं. हेल्गाबाईंनी टाकीच्या तोंडाशी जाऊन वास घेतला, आंबूस वास आला तशी मान वळवली, आणि मग टाकीच्या कट्ट्यावर बसून त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. बायका आधी घाबरल्या, मग त्याही हसू लागल्या. कशाला हसायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

हेल्गाबाईंनी मला समजावलं ते मी तुम्हाला समजावलं. गोड घातलं की टाकी आंबते. ज्या बारीक जीवांनी पेटणारा गॅस करायचा ते उपाशी बसतात, आणि दुसरे जीव माजतात. त्यांनी केलेला वायू पेटत नाही. तो वायू म्हणजे तोच, ज्याच्यामुळे पृथ्वी तापते आहे, ज्याच्यासाठी परिषदा चालल्या आहेत आणि जो कमी करायला या बाई सात समुद्र ओलांडून इथं आल्या आहेत.

तुम्ही ऐकून घेतलंत. झाकणाकडे बघितलंत. मग म्हणालात, "म्हंजे ज्येच्या पायी आल्यात त्योच वायू आमी ह्येंच्यासाठी भरून ठिवलाय. सांग त्येंना, बाई. तयार हाय. घिऊन जावा."

त्या वाक्यापर्यंत तुम्ही मला तुमी म्हणत होता. तिथून पुढे कायम तू. मला वाटतं, इतका मोठा फजितवाडा एकत्र बघितल्यावर तुमी म्हणत राहण्यात काही अर्थ नव्हता. मी तुम्हाला तुम्हीच म्हणत राहिले. ते तुम्हाला कळलंही नसेल.

गॅस नाही म्हटल्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवर झाला. वारा पडलेला, ओलसर लाकडं, सगळा धूर ओसरीत. हेल्गाबाईंना ठसका लागला. तुम्ही पाण्याचा तांब्या दिलात आणि म्हणालात, "ह्योच त्यो धूर. नीट बगून घ्या. पैसं ह्येच्यासाठीच देनार न्हवं?" दिल्लीच्या अधिकाऱ्यांना हसू आवरेना. मग हेल्गाबाई मटण खात नाहीत हे कळलं. का, तर जनावरांमुळेही पृथ्वी तापते. तुम्ही हातातली भाकरी तशीच धरून म्हणालात, "मग ह्येंच्याकडं मेंढरांचं काय करत्यात?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, लोकर काढतात. "नुसती लोकर?" तुम्ही म्हणालात. "म्हंजे जलमभर केस कापायचं आन् मग पुरायचं." पुढे कधीही त्यांचं नाव निघालं की तुमच्या जाऊबाई केस कापायचा अभिनय करून दाखवायच्या.

जेवताना त्यांनी प्रयोगाचं समजावून सांगितलं. मी मराठीत आणताना फार थाटमाट केला नाही. म्हटलं, इथं जेवढा धूर वाचेल तेवढा त्यांच्या देशाच्या नावावर लिहायचा, असा विचार चाललाय. बदल्यात पैसे.

तुम्ही चावायचं थांबलात.

"म्हंजे मेंढरं बसवल्यावानी."

मी म्हटलं, कसं?

आणि तुम्ही ओसरीवर, एका हातात भाकरी धरून, जे सांगितलंत ते मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं. रानमालक आपल्या रानात कळप बसवून घेतो. मेंढरं रात्री तिथं बसतात, लेंडी आणि मूत जमिनीला मिळतं, पीक जोरात येतं. मालक धान्य देतो, रात्रीची भाकरी देतो. "लेंडी मालकाची. त्येवर भांडान न्हाय. पर किती राती बसायचं ते आधी ठरतंय. ठरलेल्या राती झाल्या की कळप उठतोय. मालक मनाया लागला, आता हितंच ऱ्हावा, मेंढरंबी माजीच, तर कुत्री सोडतोय आमी."

हेल्गाबाई म्हणाल्या, कुत्री सोडू नका, मला समजलं.

"मग ईचार त्येंना. किती राती?"

दिल्लीचे अधिकारी मध्ये पडले. हिंदीत म्हणाले, आक्काजी, मुदतीचा मुद्दा चर्चेत नाहीच आहे.

"मग घाला की," तुम्ही म्हणालात.

मग तुमच्या अटी. तीन वर्षं इथला वाचलेला धूर त्यांच्या नावावर. तीन वर्षांनी परत वस्तीच्या नावावर. पुढं बसवायचा असेल तर नवी बोली. बदल्यात वस्तीवरच्या दोघींना दुरुस्तीचं शिक्षण आणि सुट्या भागांची एक पेटी भिगवणच्या वाण्याकडे. आणि वर्षातून एकदा, ज्याला धूर हवा त्यानं इथं येऊन टाकी बघायची. "न बगता खत न्हेनारा मालक आमी बगितला न्हाय," तुम्ही म्हणालात.

साहेब घामाघूम झाले होते. हेल्गाबाई मात्र वहीत लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, दुरुस्तीचं नक्की करू. मुदत माझ्या हातात नाही. पण मला विचाराल तर तीन वर्षं रास्त आहेत.

"झाली बोली," तुम्ही म्हणालात. मग एकदम थांबलात. "न्हाय, न्हाय. रानमालक भाकरी देतोय, तवा बोली पक्की. हितं तर आमीच वाढलं. उलटं झालं." आणि तुम्ही त्यांच्यापुढे हात पसरलात. मी ते इंग्रजीत नेलं. त्या बाईंनी पिशवीत हात घालून चॉकलेटची वडी काढली, तिचे तुकडे केले आणि ओसरीवरच्या सगळ्यांना वाटले. तुमच्या सासूबाईंना, साहेबांना, दिल्लीवाल्यांनाही. सासूबाईंनी तोंडात घालून तोंड वाकडं केलं. बोली पक्की.

मी परत निघताना तुम्हाला म्हटलं, आक्का, मिळतंय ते पदरात पाडून घ्या. वाचलेला धूर काय कणगीत भरून ठेवता येतो? त्यांनी लिहिला त्यांच्या वहीत, आपलं काय गेलं?

तुम्ही म्हणालात, "उद्या सगळं देश मिळून आमाला मनलं, आता तुमी बी धूर कमी करा. तवा? सोपा धूर ह्येंच्या नावावर गेलेला असंल. आमच्या वाट्याला अवघड धूर ऱ्हाईल. कारखान्याचा, मोटारींचा. त्यो कसा कमी करायचा? काकवी घालून?"

आठवडाभर डोकं चालवल्यावर याला एक उत्तर सुचलं आणि मी मुद्दाम वाट वाकडी करून वस्तीवर आले. तुम्ही ते उत्तर ऐकलंत, होय होय म्हणालात आणि दुसरा प्रश्न काढलात. असं ते सुरू झालं. पुढे तर तुम्हाला त्याची चटक लागली. भिगवणच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असलो की तुम्ही कोपर मारून म्हणायचात, "बाई, बोल गोऱ्यांच्या बाजूनं." मी बोलायचे. पाहुणे येतील तेव्हा तोंड आखडू नये म्हणून हा सराव, असं तुमचं म्हणणं. एकदा मी चुकून तुमच्याच बाजूचं काही बोलले तर तुम्ही रागावलात. "तू नीट भांड. तू ढिली पडलीस तर मी शिकू कुनाकडनं?" शेजारचे प्रवासी बघत असायचे. एकानं तर मला हळूच विचारलं होतं की या बाईंची जमीन कोण घेतंय.

दुरुस्तीचे पैसे आले. तुमची सून सुनंदा आणि शेजारची शालन बारामतीला जाऊन शिकून आल्या. पेटी भिगवणला वाण्याच्या दुकानात, साखरेच्या पोत्यामागे ठेवली गेली. आंबलेली टाकी चुना आणि दुसऱ्या टाकीतला शेणकाला घालून हळूहळू जिवंत केली, तेव्हा सुनंदानं पेटवलेली पहिली ज्योत निळी आली आणि तुम्ही म्हणालात, "आता हिला गोड काय बी दिऊ नगा. सनालाबी न्हाय." सुनंदा त्या वेळी तुमच्यासमोर तोंड उघडत नसे. डोकीवरचा पदर धरून पाना फिरवायची. नंतर तालुक्याच्या पूर्वेकडच्या टाक्या दुरुस्त करायला त्या दोघी एसटीनं जाऊ लागल्या, आणि मला वर कळवायच्या रकान्यात पहिल्यांदाच चालू टाक्या वाढलेल्या दिसल्या.

आपली आणखी एक लढाई अर्धी राहिली. मला मलेरिया झाला होता तेव्हा तुम्ही वालचंदनगरला आला होता, कोंबडीचा रस्सा घेऊन. माझ्या नवऱ्याला बाजूला सारून स्वयंपाकघरात शिरलात आणि सिलिंडर बघून तिथूनच ओरडलात, "काय ग बाई? तुझ्याकडं शिलिंडर आन् आमाला शेन व्हय?"

मी पांघरुणातून म्हटलं, क्वार्टरमध्ये म्हैस कुठे बांधू?

"ग्यालरीत."

हसून हसून माझा ताप उतरला म्हणायला हरकत नाही. पण प्रश्न खरा होता, आणि तुम्ही तो नंतरही सोडला नाहीत. शहरातल्यांना सिलिंडर आणि खेड्यातल्यांना पृथ्वी वाचवायचं काम, हे कुणी ठरवलं? मी म्हणत असे, म्हणून तर तुमचा गॅस स्वतःचा आहे, आमचा कधी येईल ते एजन्सी ठरवते. तुम्ही म्हणत होता, मग अदलाबदल करू. मी दर वेळी विषय बदलला. अजूनही माझ्या ओट्याखाली सिलिंडरच आहे. तुम्ही ही लढाई जिंकलात असं मी मानत नाही. पण माझ्याकडून काही चांगला मुद्दाही निघालेला नाही.

तुम्हाला कधी न सांगितलेल्या गोष्टी फारशा नाहीत, कारण तुम्ही त्या विचारून घेत होता. एक राहिली. माझी बदली पुण्याला होत होती. हवीच होती मला. मुलांच्या शाळा, आई तिकडे. मी अर्ज मागे घेतला आणि साहेबांना काहीतरी कारण सांगितलं. खरं कारण असं की पुण्यात माझ्याशी इतकं मन लावून भांडणारं कुणी नव्हतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते वस्तीभर केलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

आता मुद्द्याचं. तीन वर्षं या वर्षी भरली. हेल्गाबाईंची जागा बदलली आहे. नवे पाहुणे परवा आले, तुमच्या दहाव्यानंतर लगेच. साहेब म्हणाले, दुखवटा आहे, पुढे ढकलू. सुनंदा म्हणाली, "येऊ द्या त्येंना. आत्तींनी बोलावलं असतं." म्हणून ते आले. एक तरुण गोरा मुलगा, चांगला वाटला, भाकरी आवडीनं खाल्ली. दिल्लीचे अधिकारी तेच. तो मुलगा म्हणाला, प्रयोग छान चाललाय, आहे तसाच पुढे चालू ठेवू या.

मी हे मराठीत सांगितलं. ओसरीवरच्या सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या, आणि तुम्ही बसायचात ती जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली होती. मला वाटलं, संपलं. आता सगळ्या हो म्हणणार.

सुनंदानं पदर सारखा केला. "बाई, त्येंना सांगा, बोली संपली. कळप उठला. पुढं बसवायचा तर नवी बोली."

मी सांगितलं. मुलाला काही कळेना. साहेब माझ्याकडे असे बघत होते की दुसऱ्या कुणी नोकरीची काळजी केली असती. मग मीच समजावलं. सोपा धूर आणि अवघड धूर, पुढे कधी आपल्यावरही बंधनं आली तर काय, मुदत का हवी. मी बोलत होते आणि दिल्लीचे अधिकारी हळूहळू हसत होते. शेवटी म्हणाले, यावर दिल्लीतही हेच भांडण चाललंय, फक्त तिथं कुत्र्यांचा उल्लेख होत नाही. आणि त्यांनी त्या मुलाला सांगितलं की नव्या कराराच्या मसुद्यात मुदतीचा रकाना घाला.

रकाना घातलाय, आक्का. आकडा रिकामा आहे. तो पुढच्या महिन्यात ठरायचाय. तो मुलगा दहा म्हणेल असं मला वाटतं. साहेबांना वाटतं रकाना आला हेच खूप झालं.

काल मी सरावासाठी वस्तीवर गेले. बायका टाकीच्या कट्ट्याभोवती बसल्या. सुनंदा म्हणाली, बाई, तुम्ही गोऱ्यांच्या बाजूनं बोला. मी सुरुवात केली. पहिलाच मुद्दा मांडला आणि त्याला तुम्ही काय म्हणाला होता ते आठवलं. दुसरा मांडला, त्याचंही तेच. माझ्या बाजूचं एकही वाक्य धड उभं राहीना. इतक्या वर्षांत तुम्ही एकेक करून सगळी खोडली होती आणि मला पत्ताही लागला नव्हता. मी म्हटलं, मला जमत नाही, तुमच्यापैकी कुणीतरी व्हा.

शेवटी सुनंदाच गोरी झाली. आणि आक्का, ती चिवट निघाली. मी तीन म्हटलं की ती दहा म्हणे. मी पाच म्हटलं तरी दहा. पैसे आमचे, टाक्या आम्ही जगवल्या, मुदत कशाला हवी, विश्वास नाही का, असं एकामागून एक. शालन हसत होती. जाऊबाई म्हणाल्या, "ही तर खरीच तिकडं फितूर झाली." माझं डोकं फिरलं. मी, वालचंदनगरच्या क्वार्टरमधली, जिच्या दारात आजवर मेंढरू आलेलं नाही, तिनं कट्ट्यावर हात आपटला आणि म्हटलं, "किती राती ते ठरल्याबिगर कळप बसायचा न्हाय."

कुणी हसलं नाही. सुनंदानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

"आता आकडा बोला," ती म्हणाली.